रिअल-टाइम फिफो की सामायिक मेमरीतला रिंग बफर?

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात लिनक्सवर चालणारं मशीन धरा. रिअल-टाइम टास्क (ठरलेल्या वेळी चाललंच पाहिजे असं काम) दर मिलिसेकंदाला ३२ बाइटचं रीडिंग घेतो; ते स्क्रीनवर दाखवणारी प्रोसेस मात्र साधी, कधीही अर्धा सेकंद अडकणारी. टास्ककडून प्रोसेसकडे रीडिंग न्यायचे हे दोन मार्ग.

आरटीएआयची (लिनक्सला रिअल-टाइम करणारी जोड) फिफो, म्हणजे आधी आलेलं आधी बाहेर देणारी रांग, साध्या प्रोसेसला डिव्हाइस फाइलसारखी दिसते. रीड मारून ती निवांत झोपते, डेटा आला की जागी होते. सोय मोठी आहे. ६४ केबी बफरमध्ये २,०४८ रीडिंग, म्हणजे साधारण दोन सेकंदांचा साठा मावतो. तो भरला तर रिअल-टाइम बाजूने थांबायचं नाही: किती बाइट गेले ते तपासा, रीडिंग सोडा आणि गळतीचा काउंटर वाढवा. हा काउंटर कृपा करून स्क्रीनवर दाखवाच.

रिंग बफर म्हणजे दोघांना दिसणाऱ्या मेमरीतला, शेवटाला पोचलं की पुन्हा सुरुवातीपासून भरायचा साठा. त्यात कर्नलमार्फत (लिनक्सच्या गाभ्यातून) कॉपी होत नाही, त्यामुळे कॅमेऱ्यासारख्या जड डेटाला तोच बरा. पण जबाबदारी सगळी तुमची. लिहिणारा एक, वाचणारा एक. म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) नको, नाहीतर साध्या प्रोसेसने कुलूप धरल्यावर रिअल-टाइम टास्क ताटकळतो. लिहिताना आधी डेटा, मग मेमरी बॅरियर (आधीचं लिहिणं आधीच दिसेल याची खात्री देणारी सूचना), मग इंडेक्स (कुठपर्यंत लिहिलं तो आकडा). बॅरियर विसरला तरी इंटेल पीसीवर बहुतेकदा चालून जातं आणि एआरएम बोर्डावर मधूनच कचरा रीडिंग येतात. मेमरी आधीच लॉक करा, पेज फॉल्ट (हवं ते पान रॅममध्ये नसल्याने होणारा खोळंबा) नकोत. जागं करणारं कुणी नसल्याने वाचणाऱ्याने दर १०-२० मिलिसेकंदांनी डोकवायचं.

वरच्या मशीनला आम्ही फिफोच लावू.