सूर्य-पृथ्वी-चंद्राचं मॉडेल: घेण्याआधी तार आणि पट्टा बघा

मी सातवीला भूगोल शिकवते. ग्रहणाच्या धड्याला फळ्यावरची आकृती पुरत नाही, म्हणून यंदा अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून हे हाताने फिरवायचं मॉडेल आणलं. साडेआठशे रुपये. लाकडी पाया, मधोमध बल्ब, आडव्या दांडीच्या टोकाला पाच सेंटिमीटरची पृथ्वी आणि तिच्याभोवती तारेवर चंद्र.

दुकानात याहून स्वस्त एक प्रकार होता, त्यातला चंद्र अर्धा काळा रंगवलेला. तो मुळीच घेऊ नका. चंद्राची एक बाजू कायमचीच काळी असते हे एकदा मुलांच्या डोक्यात बसलं की निघता निघत नाही. या मॉडेलचा चंद्र सगळा पांढरा आहे, बल्बकडची बाजू तेवढी उजळते. खिडक्यांना चादरी लावून वर्ग अंधारा केला आणि एकेकाला पृथ्वीच्या लगत डोळा आणायला सांगितलं. चंद्र फिरवत गेले तशी कोर दिसली, मग अष्टमीचा अर्धा चंद्र. त्या वेळी पृथ्वीची सावली पार दुसऱ्याच बाजूला पडली होती. "बाई, म्हणजे सावलीमुळे चंद्र अर्धा होतच नाही!" एक मुलगी ओरडली. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

पण या मॉडेलचा खरा जीव तारेत आहे. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना चंद्र पृथ्वीच्या सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो, आणि बहुतेक अमावास्यांना त्याची सावली पृथ्वीला चुकते. तार सपाट असली तर दर महिन्याला दोन ग्रहणं लागतील! इथे तार तिरपी आहे आणि दांडीखालच्या पट्ट्यामुळे पृथ्वी सूर्याभोवती कुठेही नेली तरी तारेचा कल एकाच दिशेला राहतो. म्हणून अख्ख्या फेरीत ग्रहण जमतं ते दोनच ठिकाणी, साधारण सहा महिन्यांच्या अंतराने. ७ सप्टेंबर २०२५ आणि ३ मार्च २०२६ ही खग्रास चंद्रग्रहणं अशीच आली. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते ते दोन बिंदू म्हणजेच पंचांगातले राहू-केतू, हेही तारेवर बोट ठेवून दाखवता आलं.

अंतराचं प्रमाण मात्र टेबलावर सांभाळता येत नाही. या पृथ्वीच्या मानाने चंद्र दीड मीटर लांब हवा. इथे तो वीतभरही नाही. इतक्या जवळून ५ अंशांचा कल सावली चुकवायला पुरला नसता, म्हणून तार बरीच जास्त वाकवली आहे. ते योग्यच केलंय, पण मुलांना सांगायला विसरू नका. खग्रास ग्रहणातला तांबूस चंद्रही इथे दिसणार नाही. तो रंग पृथ्वीच्या वातावरणातून वळून चंद्रावर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशाचा, आणि या पृथ्वीला वातावरण नाही. बल्ब मोठा असल्याने चंद्राची सावली पुसट पडते. भोक पाडलेला पुठ्ठा बल्बपुढे धरल्यावर ती पृथ्वीवर ठिपक्यासारखी उमटली.

माझ्याकडच्या मॉडेलचा रबरी पट्टा सैल निघाला. तो घसरला की दांडीबरोबर तारेची दिशाही फिरते आणि ग्रहणाचा सगळा हिशोब बिघडतो. सुटा पट्टा मिळत नाही म्हणाले, म्हणून सध्या जाड रबरबँडवर काम चाललंय. तुम्ही घ्याल तेव्हा दुकानातच दांडी पूर्ण फेरी फिरवून बघा.