जपानमधलं रिकामं घर घेताय? जुनं कोमिंका की १९८१ नंतरचं साधं घर

जपान सरकारच्या २०२३च्या पाहणीत तिथे सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के. अशा घराला तिथे अकिया म्हणतात. परदेशी माणसालाही ते जमिनीसकट स्वतःच्या नावावर घेता येतं. पंचाईत होते ती कोणतं घ्यायचं याची. माझं मत आधीच सांगून टाकतो: वर्षाचे बाराही महिने तिथे राहणार असाल तरच कोमिंका घ्या. येऊन-जाऊन राहणार असाल तर १९८१ नंतर बांधलेलं साधं घर बघा.

कोमिंका म्हणजे खेड्यातलं जुनं लाकडी घर. जाडजूड तुळया, खाचा पाडून बसवलेले सांधे, बांबूच्या कामट्यांवर माती लिंपलेल्या भिंती, अगदी कोकणातल्या कुडासारख्या. खांब दगडांवर नुसते टेकवलेले. मधल्या खोलीत जमिनीत चौकोनी आगटी असते, तिला इरोरी म्हणतात. तिचा धूर गवताच्या छपरात चढायचा, गवत कोरडं राहायचं, किडे लागायचे नाहीत. घर रिकामं पडलं की आगटी थंड होते आणि गवत कुजायला लागतं. पुन्हा शाकारायचं तर जाणकार कारागीर शोधावे लागतात आणि खर्च घराच्या किमतीला सहज मागे टाकतो. म्हणून अनेक ठिकाणी गवतावरच पत्रा ठोकलेला दिसतो.

तरीही हे जमतं. अमेरिकन लेखक ॲलेक्स कर यांनी १९७३मध्ये शिकोकू बेटावरच्या इया खोऱ्यात असंच पडकं घर घेतलं. आज ते 'चिइओरी' या नावाने पाहुण्यांना राहायला दिलं जातं. निगाता प्रांतातल्या ताकेदोकोरो गावात जर्मन वास्तुरचनाकार कार्ल बेंग्स गेली तीसेक वर्षं अशी घरं उभी करतायत. दोघांनीही त्या गावांना आयुष्यातली वर्षं दिली, हे विसरू नका.

दुसरा पर्याय दिसायला सपक: दुमजली, काँक्रीटचं जोतं, आत प्लायवूड. पण जून १९८१पासून भूकंपाचे नियम कडक झाले आणि २०००मध्ये लाकडी घरांसाठी आणखी. बांधकाम परवाना त्या तारखांनंतरचा असेल तर मोठी काळजी मिटते. घर बंद ठेवून गेलात तरी ते जास्त तग धरतं. मला जुन्या घरांचं वेड आहे, तरी ओळखीच्यांना मी हेच सुचवतो.

दोन्हीकडे बघायच्या गोष्टी मात्र त्याच. घराच्या लाकडी जमिनीखाली शिरून खांबाच्या बुडाशी टोचा खुपसा. लाकूड भुसभुशीत लागलं तर वाळवी किंवा ओल. सांडपाणी कुठे जातं ते विचारा. आणि रस्ता मोजा: साधारणपणे ४ मीटर रुंद रस्त्याला जागा किमान २ मीटर भिडलेली नसेल, तर घर पाडून नवं बांधायला परवानगी मिळत नाही. घर फार स्वस्त असण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. एप्रिल २०२५पासून दुमजली लाकडी घराच्या मोठ्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. जागेला शेतजमीन जोडलेली असेल तर स्थानिक कृषी समितीची मंजुरी वेगळी.

क्योतोमधलं माचिया, म्हणजे शहरातलं अरुंद आणि खोल लाकडी घर, सुंदर असतं, पण स्वस्त नसतं. पाहुणे ठेवून खर्च काढू म्हणाल, तर २०१८मध्ये लागू झालेल्या कायद्याने घरात असे पाहुणे ठेवायला वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आहे, आणि क्योतोच्या निव्वळ निवासी भागांत ती बहुतेक जागी जानेवारी-मार्चमधल्या दोनेक महिन्यांवर येते.

शोधायला नगरपालिकांच्या 'अकिया बँक' याद्या चांगल्या, पण माहिती बहुतेक जपानीतच. शिवाय काही गावं कायम राहायला येणाऱ्यालाच घर किंवा दुरुस्तीचं अनुदान देतात. येऊन-जाऊन राहणाऱ्याने हे आधीच विचारून घ्यावं.

घर घेतल्याने व्हिसा मिळत नाही. तिथे कायम वास्तव्याचा परवाना नसेल तर बँकेचं कर्ज मिळणं अवघड, त्यामुळे रोख तयारी लागते. भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. खरेदी आणि दुरुस्ती दोन्ही त्यातच बसवायची आहेत.