पाठीवर निळा शिक्का: लिलावातून घेतलेली मेरिलिन

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या मावसभावाने एका ऑनलाइन लिलावातून अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या 'मेरिलिन'ची, म्हणजे अभिनेत्री मेरिलिन मन्रोच्या चेहऱ्याच्या चित्राची, स्क्रीनप्रिंट (जाळीच्या चौकटीतून शाई ओढून छापलेली प्रत) घेतली. गुहागरजवळ त्याची आंब्याची बाग आहे आणि बागेलगतच्या जुन्या चिरेबंदी घरात तो पर्यटकांची सोय करतो. ओटीवरून आत पाऊल टाकताच नजरेत भरेल असे एखादे ठळक चित्र त्याला माजघरात लावायचे होते. मी रत्नागिरीत पंचवीस वर्षे स्क्रीन प्रिंटिंगचा व्यवसाय करतो, लग्नपत्रिकांपासून आंब्याच्या खोक्यांवरील बागायतदारांच्या नावांपर्यंत सगळे छापतो, म्हणून बोली लावण्याआधी त्याने त्या लॉटची, म्हणजे लिलावातल्या त्या वस्तूची, माहिती मला पाहायला पाठवली. ती प्रिंट आणि ती विकणाऱ्या लिलावगृहाची सेवा, दोन्हींबद्दल मला जे दिसले ते येथे लिहीत आहे.

कॅटलॉगमध्ये कलावंताच्या नावाआधी 'आफ्टर' असा एकच शब्द होता आणि सारा व्यवहार त्या शब्दावर उभा होता. लिलावाच्या भाषेत 'आफ्टर अँडी वॉरहॉल' म्हणजे वॉरहॉल यांच्या कृतीवरून दुसऱ्या कोणी केलेले काम. वॉरहॉल यांनी स्वतः प्रकाशित केलेला 'मेरिलिन'चा संच 1967 सालचा. त्यात दहा प्रिंट, प्रत्येक 36 इंच बाय 36 इंचांची, आवृत्ती 250 प्रतींची, मागच्या बाजूला पेन्सिलने सही आणि रबरी शिक्क्याने उमटवलेला क्रमांक. भावाने घेतलेली प्रिंट त्या संचातली नव्हे. ती 'संडे बी. मॉर्निंग' या नावाने 1970 पासून छापल्या जाणाऱ्या प्रिंटांपैकी आहे. या प्रिंटांच्या पाठीवर प्रकाशकाचे नाव आणि 'तुमची सही तुम्हीच करा' अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर शिक्क्याने छापलेला असतो. सुरुवातीच्या प्रतींवर तो काळ्या शाईत, नंतरच्या प्रतींवर निळ्या शाईत. वॉरहॉल यांची या छपाईला मान्यता नव्हती, आणि अशी प्रत कोणी समोर धरलीच तर 'हे माझे काम नाही' असे लिहून त्याखाली त्यांनी सही केल्याची उदाहरणे आहेत.

हे सगळे मी फोनवर समजावून सांगितल्यावर भाऊ थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "दादा, म्हणजे ही खरी की खोटी?" मी त्याला म्हटले, "खरी आहे, पण वॉरहॉलची नाही." ही खरोखर स्क्रीनवर, थरावर थर देऊन छापलेली प्रिंट आहे, आणि ज्या नावाने ती विकली जात आहे त्याच नावाची आहे, वॉरहॉल यांचा हात लागलेली प्रत म्हणून कोणी विकली, तरच ती खोटी ठरेल. वॉरहॉल यांच्या कामांची सत्यता ठरवणारे न्यूयॉर्कचे मंडळ 2012 मध्ये बंद झाले. तेव्हापासून सहीची प्रत घेणाऱ्याला मागील मालकीची कागदपत्रे, पाठीवरच्या खुणा आणि जाणकारांची नजर यांवरच विसंबावे लागते. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यांची 1964 सालची एक 'मेरिलिन' सुमारे 19 कोटी 50 लाख डॉलरला गेली, पण तो कॅनव्हास होता. त्या बातमीच्या भरात कागदावरच्या, आणि त्यातही 'आफ्टर' लिहिलेल्या प्रिंटवर कोणी हजारांऐवजी लाख लावू नयेत, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

लिलावगृहाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे, की वर्णनात त्यांनी लपवाछपवी केली नाही. कॅटलॉगमध्ये फक्त दर्शनी बाजूचे छायाचित्र होते. पाठीचे मागवल्यावर दोन दिवसांत शिक्क्यासकट स्वच्छ छायाचित्र आले. बोली 42,000 रुपयांवर थांबली. तिच्यावर 20 टक्के बायर्स प्रीमियम (लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते शुल्क) म्हणजे 8,400 रुपये, शिवाय कर, विमा, पॅकिंग आणि वाहतूक धरून रक्कम 60 हजारांच्या पुढे गेली. नियमावलीत हे सगळे छापलेले होते, तरी पहिल्यांदाच बोली लावणाऱ्याने हातोडा पडण्याआधी ही बेरीज कागदावर मांडून ठेवावी.

प्रिंट हाती आल्यावर मी ती कारखान्यातल्या टेबलावर ठेवली, खिडकी बंद केली आणि टॉर्च आडवा धरून पाहिली. ऑफसेटची छपाई अशा उजेडात सपाट दिसते आणि भिंगाखाली तिच्यात चार रंगांच्या ठिपक्यांची फुले दिसतात. येथे तसे काही नव्हते. गुलाबी पार्श्वभूमीवर केसांचा पिवळा थर जेथे संपतो, तेथे शाईची बारीकशी कड उभी राहिलेली दिसत होती, आणि ओठांचा लाल रंग काळ्या रेषेच्या बाहेर किंचित सरकलेला होता. 1967 च्या मूळ प्रिंट पाच स्क्रीनमधून छापल्या गेल्या, एक छायाचित्राची आणि चार रंगांच्या, आणि कुठे कुठे रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांच्या थरांची एकमेकांशी जुळणी, मुद्दाम हलवलेले आहे. आमच्या धंद्यात रजिस्ट्रेशन एवढे हलले तर गिऱ्हाईक पत्रिकांचा गठ्ठा परत आणून देईल; येथे मात्र त्या सरकण्यामुळेच 'नायगारा' या 1953 च्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेले मन्रोचे एक छायाचित्र चेहऱ्यावर चढवलेल्या रंगासारखे, वेगळे होऊन दिसते. शाईचा थर सगळीकडे एकसारखा, कुठे जाळीचा माग नाही, कुठे पिनहोलमुळे पडणारा नको तो ठिपका नाही. स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) ओढणाऱ्या हाताला मी मनापासून दाद दिली.

तक्रार आहे ती कंडिशन रिपोर्टबद्दल, म्हणजे वस्तूची अवस्था सांगणाऱ्या लिलावगृहाच्या अहवालाबद्दल. त्यात 'उत्तम' असा एकच शेरा होता. प्रत्यक्षात खालचा उजवा कोपरा साधारण 1 सेंटिमीटर चेपलेला होता आणि तेथील गुलाबी शाई तडकून आतला पांढरा बोर्ड दिसत होता. वाहतुकीत झाले असेल असे लिलावगृहाने आधी कळवले. पण भिंगाखाली त्या तड्यांमध्ये जुना मळ बसलेला दिसत होता, आणि चार दिवसांच्या प्रवासात तसा मळ बसत नाही. त्याची छायाचित्रे पाठवल्यावर तीन आठवड्यांनी त्यांनी प्रीमियममधले 4,200 रुपये परत केले. पॅकिंगबाबतही त्यांच्या पाठवणी विभागाने नळकांड्यात गुंडाळून पाठवण्याचा स्वस्त पर्याय सुचवला होता. ही प्रिंट जाड म्युझियम बोर्डवर (पुठ्ठ्यासारख्या ताठ कागदावर) आहे, ती गुंडाळली असती तर बोर्डही मोडला असता आणि शाईही. म्हणजे सुचवणाऱ्याने ती वस्तू पाहिलीच नव्हती. आम्ही आग्रह धरल्यावर ती दोन प्लायच्या मध्ये, सपाट आली. तरी आत प्लास्टिकचे आवरण नव्हते, आणि आमच्याकडे जून लागला होता.

कोकणात राहणाऱ्या खरेदीदाराने हा शेवटचा मुद्दा किमतीइतकाच गंभीरपणे घ्यावा. रत्नागिरीला वर्षाकाठी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जांभ्याचा चिरा तो ओलावा गणपतीपर्यंत धरून ठेवतो. कागदाला बुरशी आणि कसर लागायला एक मोसम पुरतो. त्यामुळे शक्य असेल तर माल दिवाळीनंतर पाठवायला सांगावे, आणि लिलावगृह तोवर फुकट सांभाळते का हे आधीच विचारून घ्यावे. फ्रेम करणाऱ्याला प्रिंट हार्डबोर्डवर फेव्हिकॉलने चिकटवू देऊ नये, कारण मग ती कधीच सुटत नाही आणि तिची किंमतही उरत नाही. आम्ही प्रिंटभोवती ॲसिडविरहित माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घातला, काच प्रिंटला टेकणार नाही एवढे अंतर ठेवले आणि फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळते. पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर लावायचा भावाचा बेत होता. तो मी मोडून काढला.

आता ती माजघराच्या आतल्या भिंतीवर आहे, जेथे ऊन थेट येत नाही. चेपलेला कोपरा माउंटखाली गेला आहे, आणि फ्रेमच्या पाठीला चिकटवलेल्या पाकिटात कॅटलॉगचे पान, बिल आणि निळ्या शिक्क्याचे छायाचित्र ठेवलेले आहे.