१०५० टीआय म्हणून विकलेलं २०११ चं कार्ड

वर्कस्टेशनसाठी ‘जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी’ म्हणून घेतलेलं एनव्हिडिया चिपचं ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स ५५० टीआय निघालं. २०१६ च्या नावाखाली २०११ चा माल, आणि खरी मेमरी १ जीबी. खोकं मात्र नवंकोरं, विंडोजमध्ये नावही बरोबर. कार्ड स्वतःची जी ओळख देतं तीच विंडोज मानतं, आणि कार्डाचा बायोस, म्हणजे त्यातलं मूळ सॉफ्टवेअर, नव्याने लिहून (फ्लॅश करून) ती बदलता येते. मेमरीच्या आकड्याचंही तेच.

म्हणून साध्या कामात काहीच कळत नाही. गेम किंवा थ्रीडी कामात टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) वाढून खरी मेमरी भरली की स्क्रीनवर रंगीत चौकोन, मग ड्रायव्हर क्रॅश. बहुतेक जण अशा वेळी पॉवर सप्लाय किंवा रॅम बदलत बसतात आणि तोवर परतीची मुदत निघून जाते.

पहिली खूण मागच्या पट्टीवर. १०५० टीआयच्या चिपमधून अ‍ॅनालॉग सिग्नल निघतच नाही, त्यामुळे तिथे १५ छिद्रांचा व्हीजीए पोर्ट दिसला तर तिथेच थांबा. सहा पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून मात्र निष्कर्ष काढू नका, तो काही अस्सल कार्डांनाही असतो.

मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवा, २.१२.० किंवा त्यानंतरची आवृत्ती. चिप जीपी१०७, शेडर (चिपमधली गणना युनिट्स) ७६८, मेमरी बस १२८ बिट असं दिसायला हवं. आमच्या कार्डावर जीएफ११६ आणि १९२ शेडर दिसले, नावाआधी ‘फेक’ असा शिक्काही होता. प्रत्येक बनावट कार्डावर तो उमटेलच असं नाही, म्हणून ओसीसीटी या चाचणी सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) टेस्ट पूर्ण ४ जीबीवर लावा. हीटसिंक काढून चिपवरचा नंबर वाचायचा मोह आवरा. सील तुटलं की विक्रेत्याला आयतं निमित्त मिळतं.

‘सीडीतलाच ड्रायव्हर टाका, अपडेट करू नका’ असं विक्रेता म्हणाला की कार्ड बनावट आहे हे नक्की समजा. जीएफ११६ साठी एनव्हिडियाचे नियमित ड्रायव्हर २०१८ मध्ये ३९१ मालिकेवर थांबले. अधिकृत नवा ड्रायव्हर त्या चिपवर चालणारच नाही.

तक्रारीत ‘कार्ड चालत नाही’ असं लिहू नका, त्यावर बदली म्हणून तसंच दुसरं कार्ड येतं. ‘वर्णनापेक्षा वेगळी वस्तू, चिप जीएफ११६’ असं लिहा, सोबत जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट आणि सीरियल नंबरचा फोटो जोडा. ‘थोडे पैसे परत देतो, कार्ड ठेवा’ हा प्रस्ताव स्वीकारू नका. तो स्वीकारला की तक्रार तिथेच बंद होते.