कॉफी घरी दळायची तर कशात? मिक्सर, हाताचा ग्राइंडर आणि विजेचा ग्राइंडर

रोज एक-दोन कप कॉफी होत असेल तर हाताचा बर ग्राइंडर (पात्याऐवजी जात्यासारख्या दातेरी चक्रांत, म्हणजे 'बर'मध्ये दळणारा) घ्या. सकाळी तीन-चार जणांची कॉफी एकदम लागत असेल तर विजेचा बर ग्राइंडर घ्या, पण मग जास्त पैसे मोजायची तयारी ठेवा. दुकानातून चिकोरी मिसळलेली पूड आणून दक्षिणी पद्धतीच्या स्टीलच्या फिल्टरमध्ये कॉफी करता आणि ती आवडते, तर यातलं काहीच घ्यायची गरज नाही. ग्राइंडरचा फायदा अख्ख्या बिया आणणाऱ्यालाच होतो. दळलेल्या पुडीचा वास काही दिवसांत उतरतो, अख्ख्या बियांचा काही आठवडे टिकतो.

मिक्सर

मिक्सरचं पातं बिया दळत नाही, तोडते. म्हणून एकाच भांड्यात पीठही होतं आणि अर्धवट तुकडेही राहतात. पिठातून गरम पाणी कडूपणा ओढतं, तुकड्यांतून नीट काही उतरत नाही आणि आंबट-पाणचट चव राहते. एकाच कपात कॉफी कडू आणि आंबट दोन्ही लागली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं.

तरीही मिक्सरच वापरायचा तर चटणीचं लहान भांडं घ्या. मोठ्या भांड्यात २०-२५ ग्रॅम बिया पात्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. बटण उलट बाजूला, म्हणजे पल्सवर, दोन-दोन सेकंद दाबा आणि प्रत्येक वेळी भांडं हलवून तळाचं वर आणा. सलग फिरवलं तर पूड तापते आणि वास भांड्यातच उडून जातो. मग बारीक चाळणीने पीठ काढून टाका. उरलेली भरड फ्रेंच प्रेसला (कॉफी पाण्यात मुरवून दट्ट्याने खाली दाबायचं भांडं) चालते, पोर-ओव्हरला (कागदी फिल्टरवर वरून पाणी ओतायची पद्धत) नाही. भांडं मात्र कॉफीपुरतं वेगळं ठेवा, कारण जिऱ्या-धन्याचा वास झाकणाच्या रबरात मुरलेला असतो आणि धुऊन जात नाही. हजार-दीड हजाराला मिळणारे पात्याचे छोटे ग्राइंडर मिक्सरचंच काम करतात. घरात मिक्सर असताना त्यावर वेगळे पैसे घालवू नयेत.

बर म्हणजे काय आणि तो का लागतो

बरचं काम जात्यासारखं आहे: दात्यांची दोन चक्रं, एक स्थिर, एक फिरतं, आणि मधल्या फटीतून निसटेल तेवढ्याच आकाराची पूड खाली पडते. फट कमी-जास्त करता येते, म्हणून फ्रेंच प्रेसची जाड भरड आणि मोका पॉटची (शेगडीवर वाफेच्या दाबाने कॉफी करायचं भांडं) बारीक पूड एकाच यंत्रात निघते. फरक इतकाच की जातं टाकवून घेता येतं, बरला घरी धार लावता येत नाही. झिजला की बदलायचा. पण रोज २० ग्रॅम म्हणजे वर्षाला साधारण सव्वासात किलो होतात. चांगले स्टीलचे बर शेकडो किलो दळतात, तेव्हा घरगुती वापरात ही काळजी बरीच लांबची आहे.

हाताचा: कमी पैशांत चांगली पूड

मोटरचा खर्च नसल्यामुळे सगळे पैसे बर, दांडा आणि बेअरिंगमध्ये जातात. म्हणूनच साधारण पाच-सात हजारांचा हाताचा ग्राइंडर त्याच किमतीच्या विजेच्या ग्राइंडरपेक्षा एकसारखं दळतो. टाइममोर सी-२ हे या वर्गातलं ओळखीचं नाव: ३८ मिमीचे स्टीलचे बर, एका वेळी २० ग्रॅमच्या आसपास बिया. मध्यम दळणाला मिनिटभर लागतं. हलक्या भाजणीच्या बिया कडक असतात, त्यांना जास्त वेळ आणि जोर लागतो. ग्राइंडर थोडा तिरपा धरून फिरवला तर बिया बरमध्ये हळूहळू जातात आणि हाताला झटके बसत नाहीत.

नवा आणल्यावर आधी शून्य शोधा. भांडं रिकामं ठेवून फट कमी-जास्त करायचं चक्र घट्ट करत जा. दांडा अडकला की ते शून्य. तिथून उलटे क्लिक (चक्र फिरवताना हाताला लागणारी एकेक 'टक') मोजायचे. सी-२ वर मोका पॉटला १३-१५, पोर-ओव्हरला १८-२२, फ्रेंच प्रेसला २४-२६ पासून सुरुवात करा. स्टीलच्या फिल्टरला मोकापेक्षा एक-दोन क्लिक जाड. डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधला कॉफीचा अर्क, उतरतच नसेल तर अजून जाड करा. भराभर उतरून फिकं आलं तर बारीक.

एस्प्रेसोची, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढायच्या दाट कॉफीची, गोष्ट वेगळी. सी-२ चा एक क्लिक सुमारे ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. एस्प्रेसोत एवढ्या फरकाने शॉट (कपात उतरणारी कॉफी) अडतो किंवा धो-धो पडतो, मधलं काही मिळत नाही. त्यासाठी बारीक पायऱ्यांचा ग्राइंडर हवा. किंगग्राइंडर के-६ चा एक क्लिक १६ मायक्रॉनचा आहे.

दोन-अडीच हजारांच्या सिरॅमिक बरवाल्यांपासून जपून राहा. त्यांत बऱ्याचदा दांड्याला एकाच ठिकाणी आधार असतो, त्यामुळे खालचा बर डगमगतो. बारीक दळताना ते लपतं, पण जाड दळायला गेलं की मिक्सरसारखीच सरमिसळ होते. सिरॅमिक गंजत नाही हे खरं, पण खडा आला की टवका उडतो.

मनगट, खांदा किंवा बोटांचे सांधे दुखत असतील तर हाताच्या ग्राइंडरचा हट्ट धरू नये. आठवडाभरात तो कपाटात जाईल.

विजेचा: सोय विकत घेणं

बटण दाबलं की २० ग्रॅम अर्ध्या मिनिटाच्या आत. पाहुणे आले तरी दम लागत नाही. बराट्झा एन्कोर हा घरगुती विजेच्या ग्राइंडरमधला जुना आणि भरवशाचा पर्याय: ४० मिमीचे शंकूच्या आकाराचे स्टील बर, ४० पायऱ्या. पोर-ओव्हरला १५ आणि फ्रेंच प्रेसला २८ पासून सुरुवात करता येते. किंमत हाताच्या ग्राइंडरच्या साधारण तिप्पट. ती मोजावी असं मला वाटतं याचं कारण एकच: सुटे भाग मिळतात. खडा अडकला तर आतल्या प्लॅस्टिकच्या बर-होल्डरचे कान मुद्दाम आधी तुटतात, मोटर वाचते आणि तो स्वस्त भाग तेवढा बदलता येतो.

पाच-सहा हजारांत 'बर' असं लिहिलेले विजेचे ग्राइंडर मिळतात. त्यांतल्या बऱ्याच यंत्रांत धारदार दात्यांऐवजी बोथट चाकं असतात, ती बी चिरडतात. जास्त पैसे मोजून मिक्सरपेक्षा थोडीच बरी पूड मिळते.

अमेरिकेतून कुणी आणून देत असेल तर आधी व्होल्टेज पाहा. तिथलं यंत्र १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३०. नुसती पिन बदलून लावलं तर मोटर किंवा सर्किट जळतं. हाताचा ग्राइंडर मात्र बिनधास्त मागवा.

विजेच्या ग्राइंडरवर दळण बारीक करायचं तर मोटर चालू असताना करा. बंद असताना दात्यांत अडकलेल्या बिया दाबल्या जातात आणि पुढच्या वेळी मोटर घुरघुरून थांबते.

निगा: फरक इथे कळतो

बिया ताटात पसरून निवडून घ्या. आपल्याकडच्या कॉफीचा बराचसा माल अंगणात, खळ्यावर वाळतो, त्यात अधूनमधून खडा येतो. वीस ग्रॅम निवडायला काही सेकंद लागतात.

दर आठवड्याला कोरड्या ब्रशने बर झाडा. महिन्यातून एकदा ग्राइंडर उघडा. तेलकट, गडद भाजणीच्या बिया वापरत असाल तर पंधरा दिवसांनी. हाताचा ग्राइंडर बहुतेक वेळा अवजाराशिवाय सुटतो. स्प्रिंग आणि वॉशरचा क्रम चुकला की क्लिक लागत नाहीत, म्हणून सोडताना फोटो काढा. एन्कोरमध्ये वरचा हॉपर (बिया भरायचं भांडं) पूर्ण जाड बाजूला फिरवून उचलायचा, मग वरचा बर निघतो.

स्टीलच्या बरला पाणी लावू नका. मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस डाग धरतो. महिनाभर बाहेर जाणार असाल तर झाडून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पाकिटासकट डब्यात ठेवा. खाद्यतेल बेअरिंगला लावू नका, ते काही आठवड्यांत खवट होतं आणि तो वास कपात येतो. कच्चा तांदूळ दळून सफाई करायचा सल्ला सर्रास दिला जातो, तोही टाळा. तांदूळ कॉफीच्या बियांपेक्षा कडक असतो आणि लहान मोटरवर ताण येतो. ग्राइंडर साफ करायच्या खास गोळ्या मिळतात, त्या वापरा.

हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत पूड भांड्याला आणि हाताला चिकटते. चमच्याचं टोक पाण्यात बुडवून बियांतून एकदा फिरवा. थेंबभर पुरतो, जास्त नको.

चिकोरी कोणत्याच बर ग्राइंडरमध्ये टाकू नका. ती दमट हवेत चिकट होते आणि दात्यांत बसते. ८० ग्रॅम कॉफी दळून २० ग्रॅम तयार चिकोरी पूड नंतर मिसळा.

जुना ग्राइंडर घेत असाल तर दांडा पकडून आडवा हलवून पाहा; हलला तर बेअरिंग गेलेलं असतं. मग बर उघडून वास घ्या. खवट वास साफसफाईने जातो, तुटलेला दाता भरून येत नाही. विजेचा असेल तर बियांशिवाय पाच सेकंद चालवा: आवाज एकसारखा हवा, मधेच खरखर आली तर बर एकमेकांना घासत आहेत किंवा गिअर झिजलेला आहे. नव्या बरची किंमत विचारल्याशिवाय असा सौदा करू नका.