म्युझिक सर्व्हर, १४ महिन्यांनंतर: वाजतो झकास, पण गाणी बाहेर काढायला गेलात की रडवतो

घेतल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी या डब्याला साडेचार स्टार देऊन मोकळा झालो होतो, ते आधी मागे घेतो. स्पेक्स लिहीत बसत नाही, सगळ्यांना माहितीयत, सीडी आत सरकवा, तो रिप करून (म्हणजे गाणी फाईलींत उतरवून) आतल्या एक टीबीच्या डिस्कवर ठेवतो, डॅकला (डिजिटलचा आवाज करणाऱ्या यंत्राला) जोडा आणि ऐका. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण सर्व्हिसवाल्यांकडे माझं तिकीट अजून उघडं आहे आणि मला ती डिस्क फुकटात बदलून हवीय.

झालं असं की महिन्यापूर्वी एका सकाळी अप्पांनी हाक मारली, "अरे, तुझा डबा आज घसा खाकरतोय." अप्पा ८१ वर्षांचे, रोज सकाळी सहाला टॅबवर बोट ठेवून ललत नाहीतर भटियार लावतात. जाऊन कान लावला तर आतून कट्, कट्, मग दोन सेकंद शांत, परत कट्. ज्यांनी कधी हार्ड डिस्क मरताना ऐकलीय त्यांना हा आवाज बरोबर कळेल. सर्व्हिसला फोन केला. वॉरंटीत आहे, डिस्क बदलून देऊ म्हणाले, मी खूष, आणि लगेच पुढचं वाक्य, "डेटाची जबाबदारी आमची नाही हां साहेब, बॅकअप असेलच ना तुमच्याकडे?"

नव्हता. ६४० सीडी, पुण्यात कर्वे रोडला अलूरकरांच्या दुकानात तासन् तास उभं राहून घेतलेल्या, काही मुंबईला गेलो की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून (२०१६ ला तेही बंद झालं), सगळ्या एकेक करून या डब्याला भरवलेल्या. सीडी कपाटात आहेतच म्हणा, पण परत ६४० वेळा ट्रे उघड-बंद करायची माझी तयारी नाही. घरात दोन डिस्कवालं नॅस (घरच्या नेटवर्कवर फाईली साठवणारं यंत्र) होतं, फोटोंसाठी घेतलेलं, त्यात जागाही होती. म्हटलं एका रात्रीत कॉपी होईल. पंचवीस दिवस लागले.

पहिली ठेच, सर्व्हर लॅपटॉपवर दिसेचना. आयपी टाकून बघितला, पिंग होतोय म्हणजे जिवंत आहे, पण शेअर (त्याचा नेटवर्कवरचा फोल्डर) उघडत नाही. कारण हा गडी अजून फक्त एसएमबी वन बोलतो, म्हणजे फाईल शेअरिंगची तीच जुनी भाषा जिच्यातल्या भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर घुसला. त्यानंतर विंडोजने नव्या इन्स्टॉलमध्ये ती बंदच ठेवली आणि माझ्या नॅसवरही बंद असते. सर्व्हिसवाल्या मुलाचा सल्ला काय, तर "चालू करून टाका ना सर". कुलूप लागत नसेल तर दार काढून ठेवा, तसलं हे. शेवटी केलं चालू, कॉपीपुरतं, राउटरचं इंटरनेट काढून ठेवून. घरात दोन संध्याकाळी वायफाय नाही म्हटल्यावर जे बोलणं खाल्लं ते वेगळंच.

मग स्पीड. साधारण २६४ जीबी माल आणि कॉपी चाललीय सेकंदाला ११ एमबीने. सर्व्हर गिगाबिट, नॅस गिगाबिट, मधला राउटर गिगाबिट, मग ११ का? मी सर्व्हिसला तीन मेल ठोकले, त्यातला एक बराच कडक होता, त्यात "फसवणूक" हा शब्दही वापरला. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला की आकडा ११.२ वर खिळलेला आहे, वर नाही, खाली नाही. मरायला टेकलेली डिस्क अशी एका चालीने चालत नाही, हे तर शंभर एमबीपीएसचं छत (ते बिटांत मोजतात, आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे जेमतेम ११-१२ एमबी). कपाटामागून जाणाऱ्या केबलचं टोक काढून उजेडात धरलं तर आठपैकी चारच वायरी कनेक्टरमध्ये, उरलेल्या चार कापून मागे दुमडलेल्या. गिगाबिटला आठही लागतात. केबल टाकणाऱ्याने बहुतेक उरलेल्या जोड्यांवर कॅमेरा चालवायचा बेत केला असावा. राउटरच्या खोक्यात आलेली फुकटची दीड मीटरची केबल सापडली, सर्व्हर उचलून नॅसशेजारी आणून ठेवला, आणि स्पीड गेला ४० ते ४५ वर. आता डिस्कच थकलीय म्हटल्यावर ते छानच. तेव्हा स्पीडवरून मी जे काही बोललो ते परत घेतो, चूक माझ्या भिंतीत होती. फसवणुकीच्या मेलबद्दल सॉरी लिहिलं नाही अजून. डिस्क आली की लिहीन.

आता मूळ दुखणं. बाकी सगळं मी माफ केलं असतं.

कॉपी झाली, नॅसवर जाऊन उघडलं तर काय, ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, अननोन आर्टिस्ट. पुढचा फोल्डर, तेच. एका फोल्डरमध्ये मल्लिकार्जुन मन्सूर वाजतायत आणि वर नाव कुठल्याशा जर्मन बँडचं. मी खुर्चीत मागे टेकून बसलो. कारण पहिले दोन महिने रोज जेवणं झाल्यावर मी आणि अप्पा, मी टाईप करणार आणि ते सांगणार, अशी सगळी नावं आम्ही देवनागरीत भरली होती. राग, ताल, बडा ख्याल कुठला, तबल्याला कोण, पेटीवर कोण. सर्व्हरच्या स्क्रीनवर ती आजही सुंदर दिसतात. फक्त फाईलमध्ये ती नाहीतच! डब्याने ती स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवली आणि फाईलला हातही लावला नाही. म्हणजे लग्नाच्या अल्बममध्ये नावं फोटोमागे लिहायच्या ऐवजी शेजाऱ्याच्या वहीत लिहून ठेवल्यासारखं. मॅन्युअलच्या १३० पानांत हे कुठे लिहिलंय सांगा, मी दोनदा वाचलंय.

ती जर्मन बँडची भानगड मात्र डब्याची चूक नाही, ती आपल्या संगीताला मिळालेली शिक्षा आहे. ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं मुळात नसतात, कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो एवढाच तक्ता असतो. सीडी टेक्स्ट नंतर आलं, माझ्या एकाही शास्त्रीय सीडीवर ते नाही. मग सॉफ्टवेअर त्या तक्त्यावरून एक नंबर काढतं आणि नेटवरच्या डेटाबेसला विचारतं. फ्रीडीबी नावाच्या अशा एका डेटाबेसच्या पद्धतीत तो नंबर ट्रॅकच्या सुरुवातीच्या वेळा, एकूण सेकंद आणि ट्रॅकची संख्या यातून बनतो. फ्रीडीबी २०२० मध्ये बंद झालं पण ती पद्धत अजून चालू आहे. सिनेमाच्या सीडीत दहा-बारा ट्रॅक, त्यामुळे सहसा गोंधळ नाही. आपल्याकडे एक राग, एक ट्रॅक, ५८ मिनिटं. एकच ट्रॅक म्हटल्यावर नंबर ठरतो निव्वळ लांबीवरून, मग जगातली तेवढ्याच सेकंदांची एक-ट्रॅकी सीडी कुणाचीही असो, ती तुमची जुळी बहीण. म्हणूनच तर आम्ही हाताने नावं भरली होती ना!

आणि त्यातल्या पहिल्या २१२ सीडी मी वेव्हमध्ये (न आवळलेल्या फाईलींत) रिप केलेल्या. दुकानदार म्हणाला होता "साउंड ओपन होतो". फ्लॅक फाईल आवळतं पण लॉसलेस असतं, बिट न् बिट परत तोच मिळतो आणि जागा साधारण निम्मी लागते, हे मला माहीत असून मी भुललो. वेव्हमध्ये मिनिटाला दहा एमबी जातात आणि नावांसाठी धड जागाही नाही, जी आहे ती अर्धी सॉफ्टवेअरं वाचतच नाहीत. त्यामुळे त्या २१२ फोल्डरांना नुसते नंबर. हा गाढवपणा शंभर टक्के माझा.

सर्व्हिसला परत फोन. या वेळी एक बाई होत्या, त्यांना खरंच माहिती होती. म्हणाल्या, "शेअरमधून कॉपी करूच नका सर, ब्राउझरमधून सेटिंगमध्ये जा, मेंटेनन्सच्या आत एक्स्पोर्ट आहे, ते नावं फाईलमध्ये लिहून बाहेर टाकतं, आणि वेव्हचं फ्लॅकही करतं." मेंटेनन्सच्या आत! तिथे कोण जातं? फॅक्टरी रिसेटच्या शेजारी बटण आहे, बोट घसरलं तर संपलंच. पण चाललं. रात्रभर डबा कट् कट् करत लिहीत होता, मी मधे दोनदा उठून बघून आलो, सकाळी स्क्रीनवर "एक्स्पोर्ट यशस्वी". एक फाईल उघडली, आत देवनागरी, राग, ताल, पेटी, सगळं जागच्या जागी. त्या क्षणी मी याला पाच स्टार दिले असते. अप्पांना चहाबरोबर बातमी दिली.

मग फोल्डर बघितले.

डब्याला फाईलच्या आत देवनागरी लिहिता येते पण फोल्डरच्या नावात येत नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी त्याने अंडरस्कोर घातला. नॅसवर नुसत्या आडव्या रेघा. तेही चाललं असतं, पण त्याची गंमत अशी की तो काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजतो. माणिक म्हणजे पाच, वर्मा म्हणजे पाच. प्रभा पाच, अत्रे पाच. त्यामुळे माणिक वर्मा आणि प्रभा अत्रे दोघीही पाच रेघा, एक स्पेस, पाच रेघा, आणि बसल्या एकाच फोल्डरमध्ये. हे कळल्यावर मला आधी हसू आलं.

मग आकडे जुळवले आणि हसू गेलं. सर्व्हर सांगतो ४,९८६ ट्रॅक, नॅसवर ४,९४१. पंचेचाळीस गायब, आणि वर "यशस्वी". दोन संध्याकाळ शोधल्यावर सापडलं. दोन-दोन सीडींचे संच आम्ही "भाग १", "भाग २" असे लिहिले होते. देवनागरी आकडाही त्याच्या हिशेबी अक्षरच, तोही रेघ. म्हणजे दोन्ही भाग एकाच फोल्डरमध्ये, दोन्हीकडे पहिला ट्रॅक "बडा ख्याल", दुसरा "छोटा ख्याल", आणि भाग २ भाग १ च्या डोक्यावर जाऊन बसला. विचारलं नाही, सांगितलं नाही, एरर नाही. लाखो लोकांच्या भाषेचा प्रश्न आहे असं मेलमध्ये लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर मला माझ्या त्या ४५ ट्रॅकचाच राग आला होता.

उपाय शेवटी बिनपैशाचा निघाला, तो सांगून ठेवतो. ज्या १९ संचांत घोळ होता तिथे सर्व्हरवर जाऊन अल्बमच्या नावात "भाग १" च्या जागी इंग्रजीत सीडी वन, सीडी टू टाकलं, तेवढेच परत एक्स्पोर्ट केले. आकडा जुळला. मग नॅसवरचं सगळं एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमध्ये ओढलं, हे विंडोजवर फुकट आहे, त्यात कन्व्हर्टखाली टॅगवरून (फाईलच्या आत लिहिलेल्या नावांवरून) फाईलनेम बनवायची सोय आहे. कलाकार, मग अल्बम, मग नंबर आणि नाव, असा साचा दिला आणि एंटर. रेघांच्या जागी एकेक करून नावं उगवायला लागली ते बघत मी उभाच राहिलो. अगोदर दहा फाईलींवर करून बघा, मी एकदा साचा चुकवून तीनशे फाईली एका फोल्डरमध्ये ओतल्या होत्या.

डिस्क कट् कट् करत होती म्हणून तपासणीही केली. फ्लॅकच्या हेडरमध्ये (फाईलच्या सुरुवातीच्या भागात) मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह ठसा, म्हणजे त्या आवाजावरून काढलेला एक आकडा, असतो, तो जुळवून बघता येतो. रिप करतानाच फ्लॅक झालेल्या फाईलींसाठी हे उत्तम, त्यात तीन फाईली फाटल्या. पण वेव्हवरून आत्ता फ्लॅक झालेल्यांचा ठसाही आत्ताचाच, वेव्ह आधीच बिघडली असेल तर ती बिघडलेलीच "बरोबर" दिसणार, त्यामुळे त्यातल्या शंकेच्या वीसेक सीडी ऐकूनच बघितल्या. फाटलेल्या तीनच्या सीडी कपाटातून काढल्या. दोन लगेच रिप झाल्या. तिसरी ट्यूबलाइटसमोर धरली तर चंदेरी थरात टाचणीने टोचल्यासारखी भोकं, त्यातून उजेड दिसतोय. खोक्यावर १९५ रुपयांचं स्टिकर तसंच. चार वेळा प्रयत्न केल्यावर लॅपटॉपच्या जुन्या ड्राइव्हने तिचे सहापैकी पाच ट्रॅक दिले.

एसएमबी वन आता बंद केलंय. नॅसमधल्या दोन डिस्क एकमेकींची नक्कल ठेवतात पण नॅसवरून चुकून उडवलं तर दोन्हींवरून उडणार, म्हणून एक जुनी यूएसबी डिस्क पडून होती तिच्यावर तिसरी कॉपी घातली आणि बहिणीकडे ठेवली.

तर स्टार. आवाजाला पूर्ण, त्यात वाद नाही, रात्री कुमारजी लावले की अजूनही पैसे वसूल वाटतात. रिपिंगला चार. नावं डेटाबेसमध्ये कोंडून ठेवण्याला शून्य, आणि भाग १ वर भाग २ बसवून "यशस्वी" म्हणण्याला शून्याच्या खाली काही असेल तर ते. त्या फोनवरच्या बाईंमुळे अर्धा वाढवतो, अडीच. डिस्क फुकट आली तर तीन करीन, पैसे मागितले तर बघू.

एक फोल्डर अजून उरलाय. आत एकच फाईल, टॅग कोरा, सर्व्हरवरही नाव नाही. काल संध्याकाळी अप्पांना हेडफोन लावून दिला. डोळे मिटून पाच-सहा मिनिटं ऐकलं, मांडीवर ठेका धरला, म्हटलं आता नाव सांगणार. हेडफोन काढून म्हणाले, "केदार आहे. गाणारा कोण ते उद्या सांगतो, आज संपेपर्यंत ऐकू दे."