वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट अहवाल: कर्जात अडकलेल्या घराला किती उपयोगी?

सिबिल स्कोअर म्हणजे आपल्या कर्जफेडीला मिळालेले गुण, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या स्कोअरच्या मागे आपल्या नावावरच्या कर्जांचा आणि हप्त्यांचा जो पूर्ण अहवाल असतो, तो उघडून वाचलेली माणसे मला फार थोडी भेटली. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे १ जानेवारी २०१७ पासून हा अहवाल वर्षातून एकदा फुकट द्यावाच लागतो. तोही एका ठिकाणाहून नाही. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि चौघींकडून प्रत्येकी एक मिळतो. ज्या घरात हप्त्यांची ओढाताण चालली आहे, त्या घराने आधी हा अहवाल मागवावा आणि मगच कुणाचा सल्ला घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. त्यातल्या उणिवाही सांगते.

आम्ही तो माझ्या भाच्यासाठी मागवला. तो बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मी स्वतः त्याच भागात हिशेबनीस म्हणून नोकरी केली, त्यामुळे कागद वाचायची सवय आहे. फोन वाजला की तो गॅलरीत जाऊन बोलतो, हे बहिणीने मला सांगितले होते. मी सरळ विचारले, तर म्हणाला, "मावशी, सगळे मिळून तीन लाखांच्या आत आहे. होईल." तो खोटे बोलत नव्हता, त्याला खरेच तसे वाटत होते.

अहवालात आकडा निघाला चार लाख अठरा हजारांचा. पर्सनल लोन १,९६,०००, क्रेडिट कार्ड ८४,०००, मोटरसायकल ५८,०००, एसी आणि फोनचे मिळून ३१,०००, आणि मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेली दोन कर्जे, २७,००० आणि २२,०००. एसी-फोनला तो कर्ज मानतच नव्हता, कारण दुकानदाराने 'नो कॉस्ट इएमआय', म्हणजे बिनव्याजी हप्ते, असे सांगितले होते. दुकानात सही केली ती मात्र एका फायनान्स कंपनीच्या कर्जाच्या कागदावर. अहवालात ते कर्ज म्हणूनच उभे होते, हप्ता चुकल्याच्या नोंदीसकट.

या सेवेचा सगळ्यात मोठा गुण माझ्या मते तारखांचा आहे. प्रत्येक कर्जासमोर ते कधी उघडले ती तारीख असते, आणि खाली महिन्यामहिन्याच्या चौकटी. वेळेवर भरले तर शून्य, उशीर झाला तर किती दिवस उशीर तो आकडा. मी वहीच्या एका पानावर सगळी कर्जे तारखेच्या क्रमाने उतरवून काढली. ते पान पाहून भाचा बराच वेळ काही बोलला नाही. पहिले अ‍ॅपचे कर्ज कार्डाचे बिल भरायच्या तारखेच्या दोन दिवस आधी उघडलेले होते. दुसरे अ‍ॅपचे कर्ज पहिल्याच्या हप्त्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे त्या पैशातून घरात एक वस्तूही आली नव्हती. आणि या सगळ्याच्या दोन महिने आधी कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला होता. मोटरसायकल आणि पर्सनल लोन, दोन्हींचे हप्ते त्याने ओव्हरटाइम धरून बांधून घेतले होते. ते त्याचे त्यालाच दिसले. म्हणाला, "मावशी, ओव्हरटाइमलाच मी पगार धरून बसलो."

घरातल्यांनी आजवर त्याला 'उधळ्या' म्हणून जे काही ऐकवले होते, त्यातले निम्मे त्या पानाने चुकीचे ठरवले. चूक होती, पण ती नेमकी कुठे आणि कोणत्या महिन्यात झाली ते कळले. हे कळणे फार महत्त्वाचे आहे, कारण नुसत्या उधळेपणाला औषध सापडत नाही. हप्ता मूळ पगारावरच बांधायचा, हा नियम मात्र उद्यापासून पाळता येतो.

आता उणिवा. पहिली, फुकटची वाट शोधावी लागते. आम्ही ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर गेलो, तिथे महिन्याच्या नि वर्षाच्या वर्गणीचे मोठे चौकोन आधी समोर आले आणि वार्षिक मोफत अहवालाची ओळ खाली बारीक अक्षरात होती. पॅन, जन्मतारीख आणि मोबाइलवर आलेला ओटीपी, एवढ्यावर काम होते. कार्डाचा नंबर मागणाऱ्या पानावर पोहोचलात तर वाट चुकली, असे समजून मागे फिरा. फुकट स्कोअर दाखवणारी अ‍ॅपे वेगळी. तिथे स्कोअरच्या खालीच 'तुमच्यासाठी मंजूर कर्ज' असे बटण असते, आणि अडचणीतल्या माणसासमोर नेमके तेच असू नये.

दुसरी उणीव भाषेची. आम्हाला आलेला अहवाल इंग्रजीत होता. माझ्या बहिणीला तो वाचता आला नसता. घरात वाचून दाखवणारे कुणी असेल तर ठीक.

तिसरी, व्याजदराचा रकाना. आमच्या अहवालात तो जवळजवळ सगळीकडे रिकामा होता. कर्ज फेडायचा क्रम तर व्याजावरच ठरतो! त्यासाठी प्रत्येक कर्जाचा करार आणि कार्डाचे स्टेटमेंट काढून बसावे लागले. कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के होता, म्हणजे वर्षाला ४२. चौऱ्याऐंशी हजारांवर महिन्याचे व्याज २,९४०, त्यावर १८ टक्के जीएसटी ५२९. भाचा दर महिन्याला किमान रक्कम भरत होता, त्याच्या कार्डावर ती थकबाकीच्या पाच टक्के, म्हणजे ४,२०० रुपये. त्यातले मुद्दलात जात होते जेमतेम सातशे तीस. शिवाय पूर्ण बिल भरले नाही की नव्या खरेदीला व्याजमाफीचे दिवस मिळत नाहीत. पेट्रोल भरले त्या दिवसापासून व्याज सुरू. हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

चौथी उणीव सगळ्यात मोठी. सगळे कर्ज अहवालात येत नाही. कारखान्याच्या क्रेडिट सोसायटीचे साठ हजार आमच्या अहवालात नव्हते. ते पगारातून कापून जात होते, पण त्या सोसायटीची नोंद तिथे पोहोचलेली नव्हती. मेहुण्याकडून घेतलेले पंचवीस हजार तर कुठल्याच कागदावर नव्हते. भिशी लवकर उचलली असेल तर तीही इथे दिसणार नाही. म्हणून अहवालाच्या शेजारी एक कोरे पान ठेवा आणि घरातल्या माणसांसमोर विचारा. आमचा खरा आकडा झाला पाच लाख तीन हजार. सूनबाईंनी तो ऐकला आणि एवढेच म्हणाल्या, "मावशी, आता यापुढे आणखी काही निघणार नाही ना?" नव्हते निघणार. पहिल्यांदाच ते खात्रीने सांगता आले.

सोसायटीचे ते कर्ज सगळ्यांत स्वस्त होते, म्हणून आम्ही त्याला हातच लावला नाही. एकमेकांच्या बचतीतून एकमेकांना कर्ज द्यायचे ही कल्पना आपल्या बडोद्याला नवी नाही. विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्ये इथे अन्योन्य सहकारी मंडळी सुरू केली, ती देशातल्या पहिल्या सहकारी पतसंस्थांपैकी एक. नोकरदार मराठी घरांनी तेव्हा ज्या गरजेतून ती उभी केली, तीच गरज आज मोबाइलवर पाच मिनिटांत भागते. फक्त समोर ओळखीचे माणूस नसते, "अरे, आधीचे फिटले का?" असे विचारणारे.

अहवाल हातात असल्यामुळे दोन कामे नीट झाली. पहिले म्हणजे चुकीची नोंद. पूर्वीचे एक छोटे कर्ज भाच्याने पूर्ण फेडले होते, कर्ज फिटल्याचे नो ड्यूज पत्र होते, तरी अहवालात ते चालू दिसत होते. तक्रार त्याच संकेतस्थळावर फुकट टाकता येते. ती तीस दिवसांत निकाली काढायची असते; त्याहून उशीर झाला तर तक्रारदाराला दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आमची नोंद मुदतीत दुरुस्त झाली. याच कामाचे एक एजंट पाच हजार मागत होता, 'स्कोअर वाढवून देतो' म्हणून. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद आपणच फुकट दुरुस्त करून घेऊ शकतो. मग ते पाच हजार कशाचे?

दुसरे काम सेटलमेंटचे. अ‍ॅपच्या कर्जासाठी वसुलीवाल्याचा फोन आला, निम्मे भरा आणि मोकळे व्हा. भाचा तयार झाला होता. अहवालात 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' हे दोन वेगळे शेरे आहेत हे मी त्याला दाखवले. क्लोज्ड म्हणजे कर्ज पूर्ण फेडून बंद झाले. सेटल्ड म्हणजे कर्जदाराने पूर्ण पैसे दिले नाहीत, तडजोड केली. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकेला तो शेरा दिसतो. ज्याच्याकडे फेडायला काहीच उरलेले नाही त्याने तडजोड जरूर करावी, त्यात लाज नाही. पण याला वाट होती. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मी त्याला लिहून दिला. बँक किंवा फायनान्स कंपनीने तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्याचा फोन १४४४८.

वाट निघाली ती सूनबाईंच्या पाटल्यांमुळे. त्यांनी स्वतःच विषय काढला. मांडवीत सराफाकडे नेऊन विकण्यापेक्षा बँकेत सोने तारण ठेवा, असे मी सुचवले, पण एका अटीवर: आधी क्रेडिट कार्ड बंद करण्याचा अर्ज जाईल, आणि अ‍ॅपे फोनमधून निघतील. नाहीतर सोनेही गहाण आणि कार्डही पुन्हा भरलेले, अशी गत झालेली घरे मी पाहिली आहेत. १,३३,००० रुपये साडेनऊ टक्क्यांनी मिळाले, कार्ड आणि दोन्ही अ‍ॅपची कर्जे एकाच आठवड्यात फिटली. पहिल्या महिन्याचे व्याज १,०५३ रुपये. एकट्या कार्डाला जीएसटीसकट साडेतीन हजारांच्या घरात जात होते. थकबाकी भरल्यावर कार्ड सात कामाच्या दिवसांत बंद करायचे बंधन बँकेवर आहे, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये दंड ग्राहकाला मिळतो, हेही लक्षात असू द्या. सोने तारणात एक जपायचे: नुसते व्याज भरत राहिलात तर वर्षाच्या शेवटी सगळे मुद्दल एकदम समोर येते. आम्ही दर महिन्याला मुद्दलासकट भरायचे ठरवून घेतले.

या अहवालाला पाचपैकी मी चार गुण देते. एक गुण भाषेसाठी आणि त्या लपवलेल्या ओळीसाठी कापला. भाच्याचा स्कोअर तेव्हा ६१२ होता, तीनशे ते नऊशेच्या मापात. त्याकडे आम्ही फारसे पाहिले नाही आणि तुम्हीही सुरुवातीला पाहू नका.

एक सूचना: चारही अहवाल एकाच दिवशी मागवू नका. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागवला की वर्षभर फुकट लक्ष ठेवता येते, आणि चौघींच्या नोंदी तंतोतंत सारख्या नसतात हेही कळते. भाच्याचा पुढचा अहवाल मार्चमध्ये दुसऱ्या कंपनीकडून मागवायचा आहे. त्यात कार्डासमोर आणि दोन्ही अ‍ॅपसमोर 'क्लोज्ड' यायला हवे. नाही आले, तर नो ड्यूज पत्रे फाइलमध्ये लावलेली आहेत, तक्रार त्याच संध्याकाळी जाईल, आणि या वेळी ती तो स्वतः लिहिणार आहे.